साष्टीचे मालकी जंगल : तोडीचे नियमन, कलम ३५ ची नोटीस आणि १९७५ चे संपादन

प्रास्ताविक

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मुलुंड, विक्रोळी इत्यादी गावांच्या महसुली अभिलेखांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘खाजगी वन’ असा शेरा उमटला आणि त्या शेऱ्याने असंख्य कुटुंबांची झोप उडविली. शेरा दोनच शब्दांचा. परंतु ज्या जमिनींना तो लावला गेला त्यांतील अनेकांच्या बाबतीत दोन्ही शब्द प्रत्यक्षाशी जुळत नव्हते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ याच्या परिभाषेत खाजगी वन म्हणजे ३० ऑगस्ट १९७५ रोजी शासनाकडे निहित झालेले वन, अर्थात खाजगी न राहिलेले वन. आणि ज्या जमिनींवरून तंटा पेटला तेथे कित्येक ठिकाणी वनाऐवजी रस्ते, सदनिका आणि वीज उपकेंद्रे उभी होती.

या तंट्याची चर्चा बहुधा मालमत्तेचा प्रश्न म्हणून, नाही तर पर्यावरणाचा प्रश्न म्हणून झाली. प्रस्तुत लेखात तो वनव्यवस्थापनाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहावयाचा आहे. ज्या नोटिशीवर सारा वाद उभा राहिला ती मुळात जमीन घेण्यासाठी काढलेली नव्हती. मालकाने आपल्या जंगलातील झाडे कोणती, किती आणि केव्हा तोडावीत यास शिस्त लावणे हा तिच्यामागील कायद्याचा हेतू होता. ती शिस्त लागलीच नाही. पुढे तीच नोटीस मालकी बदलण्याचा आधार मानली गेली. हा बदल कसा घडला, हे समजून घेण्यासाठी प्रथम साष्टीच्या डोंगरांवरील लाकडाकडे वळावे लागेल.

कौल, राब आणि वखार

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी बेट त्यांच्याकडे कायम झाले. पडीक व डोंगराळ जमीन लागवडीस यावी म्हणून कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील गावे मुंबईतील धनिक पारशी घराण्यांना कौलाने किंवा पट्ट्याने दिली. ‘कौल’ हा शब्द आज बहुतांशी देवळापुरता उरला आहे. जुन्या महसुली व्यवहारात मात्र ओसाड जमीन वसविणाऱ्यास दिलेले ते अभयपत्र होते. बैरामजी जीजीभाई यांना १८३० मध्ये सात गावे मिळाली. फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे पवई होती, आणि ७ जुलै १८३५ रोजी विक्रोळीची जमीन त्यांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आली. बनाजी हे हौशी बागाईतदार होते. ऊस, नीळ, तुती असे प्रयोग त्यांनी पवईस केले. १८३८ मध्ये त्यांनी आपल्याकडील आंबे राणी व्हिक्टोरियाला पाठविल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रविषयक लेखनात येतो. हा तपशील येथे सहज दिलेला नाही. मनुष्याने लावलेली झाडे आणि आपोआप वाढलेले जंगल यांतील सीमारेषा साष्टीत आरंभापासूनच पुसट होती, आणि १९७५ च्या कायद्यातील ‘वन’ या संज्ञेच्या व्याख्येने तर ती बुद्ध्याच पुसून टाकली.

या डोंगरांवर साग, ऐन, किंजळ, खैर, धावडा, हेद, कळंब अशी मिश्र पानझडी झाडी होती. उतारांवर आणि सपाटीला ताडांची दाटी होती. प्रत्येक झाडाचे काम ठरलेले असे. सागाच्या तुळया आणि खांब, खैराचा कात, ताडाची ताडी, आणि ज्यास दुसरे मोल नाही त्याचा कोळसा किंवा जळण. कातकरी या जमातीच्या नावातच खैराचा कात आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने जंगलाचा सर्वांत मोठा उपयोग लाकूड हा नव्हता, राब हा होता. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून त्यांचा टहाळ वाळवायचा, भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, टहाळ, गवत आणि माती यांचे थर द्यायचे व पावसाळ्यापूर्वी ते जाळायचे; त्या राखेत रोपे टाकायची. कोकणपट्टीतील भातशेती या पद्धतीवर उभी होती. झाड समूळ न तोडता दरवर्षी त्याच्या फांद्या घेणे ही खरे तर एक प्रकारची तोडच, पण ती झाड जिवंत ठेवणारी होती. तिला नियम होते. मात्र ते गावाच्या वहिवाटीत होते, कागदावर नव्हते.

कागद आला तो शहराच्या मागणीबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे आगगाडी सुरू झाली आणि साष्टीची पूर्व बाजू शहराला जोडली गेली. काही वर्षांतच अंधेरी-बोरिवलीकडील पश्चिम बाजूही जोडली गेली. मुंबईच्या चुलींना जळण लागत होते, बांधकामांना इमारती लाकूड आणि रेल्वेला स्लीपर. लाकडाच्या वखारी भरू लागल्या. ज्या जंगलाकडे कौलदार केवळ भविष्यातील शेतजमीन म्हणून पाहत होता ते आता जागेवरच विकले जाणारे पीक झाले. वार्षिक छाटणीऐवजी एकदाच सरसकट तोड करून रोख रक्कम हाती घेण्याचा मोह मालकाला पडू लागला, तो या काळात.

झाड कोणाचे?

जमीन ज्याची त्याचे झाड, असे साधे समीकरण मुंबई इलाख्यात कधीच नव्हते. साग, शिसव, चंदन ही झाडे सरकारची असा दंडक फार जुना होता. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. पाठोपाठ १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खातेदाराच्या जमिनीतील झाडांवरील सरकारचा हक्क, राखून ठेवलेली झाडे वगळता, खातेदाराला दिला. एकीकडे सरकारी जंगलाभोवती कुंपण घट्ट झाले आणि दुसरीकडे खातेदाराच्या झाडांवरील बंधन सैल झाले. परिणाम अपेक्षितच होता. राबासाठी सरकारी जंगलात जाणे अवघड झाल्यावर भार मालकी जमिनींवर पडला. ठाणे जिल्ह्यात या प्रश्नावर मोठा असंतोष माजला, शेतकऱ्यांच्या व जमीनदारांच्या वतीने अर्ज-विनंत्या झाल्या, आणि सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या साऱ्या वादात सरकारचे लक्ष सरकारी जंगलावर होते. मालकी जंगलात काय चालते याची फिकीर वनखात्याला फारशी नव्हती. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या पाचव्या प्रकरणात सरकारी मालकीच्या नसलेल्या वनांवरील नियंत्रणाची तरतूद होती, परंतु ती विशिष्ट कारणांपुरती होती : वादळ, पूर आणि दरडी यांपासून रक्षण, झऱ्यांचे व तलावांचे पाणी टिकविणे, रस्ते आणि रेल्वे यांचे संरक्षण, सार्वजनिक आरोग्य. लाकडाचे पीक शिस्तीने घेणे हा त्या कलमाचा विषय अद्याप झालेला नव्हता.

कलम ३५ चे मुंबई रूप

तो झाला १९४८ मध्ये. मुंबई राज्याने त्या वर्षी दुरुस्ती करून कलम ३५ ला जे रूप दिले ते काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. या कलमाखाली शासनाला अधिसूचना काढून कोणत्याही वनात ज्या गोष्टींचे नियमन करता येई किंवा ज्यांना मनाई करता येई त्यांत झाडाची साल किंवा पाला काढणे, फांद्या छाटणे, झाडे तोडणे, कापणे, त्यांचे रूपांतर करणे व लाकूड हलविणे, कोळसा पाडणे, गुरे चारणे, आग लावणे अशी तपशीलवार यादी होती. केवळ मनाई नव्हे तर वनाचे पुनरुज्जीवन आणि आगीपासून बचाव यांचे नियमनही त्यात होते. आणि ज्या प्रयोजनांसाठी हे करावयाचे त्यांत झाडांचे जतन, मृदेचे रक्षण यांबरोबर चारा, पालापाचोळ्याचे खत, इमारती लाकूड व जळण यांचा पुरवठा टिकविणे, वाढविणे आणि त्यांचे वाटप करणे हेही होते.

मालकी जंगलातील तोडीच्या व्यवस्थापनाचा हा जवळजवळ संपूर्ण आराखडा आहे. कोणते झाड ठेवावयाचे, फांद्या किती घ्यावयाच्या, लाकूड कधी हलवावयाचे, तोडीनंतर जंगल पुन्हा कसे उभे करावयाचे, हे सारे त्याच्या कक्षेत येते. राबाचा प्रश्नही त्यात आहे. पालापाचोळ्याच्या खताचा उल्लेख कोकण ज्याला ठाऊक आहे अशाच मसुदाकाराला सुचणारा होता, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

त्याच्या आजूबाजूची कलमेही याच दिशेची होती. मालकाने अधिसूचना मोडली तर कलम ३६ प्रमाणे शासनाला ते जंगल वनाधिकाऱ्याच्या ताब्यात देता येई, पण व्यवस्थापनातून उरणारा निव्वळ नफा मालकालाच द्यावा लागे. नियंत्रणाऐवजी जमीनच घेणे इष्ट वाटले तर कलम ३७ प्रमाणे भूसंपादन कायद्याखाली, म्हणजे मोबदला देऊन, घ्यावी लागे. आणि कलम ३८ तर मालकाच्याच हाती होते : आपले जंगल वनाधिकाऱ्याने राखीव किंवा संरक्षित वनाप्रमाणे सांभाळावे, अशी विनंती तो जिल्हाधिकाऱ्याकडे करू शके आणि अटी परस्परसंमतीने ठरत. नियमन, व्यवस्थापन, समोपदेशन आणि सर्वांत शेवटी मोबदल्यासह संपादन, अशी ही पायऱ्यांची रचना होती.

कलम ३५ (३) ही या रचनेतील पहिली पायरी. अधिसूचना काढण्यापूर्वी मालकाला कारण दाखवा नोटीस द्यावयाची, त्याचे म्हणणे व पुरावा ऐकून घ्यावयाचा आणि मग निर्णय करावयाचा. नोटिशीत ठरावीक मुदतीपुरती तोड थांबविण्याचा आदेशही देता येत असे. ही मुदत ठेवण्यामागील कारण उघड आहे. सुनावणी लांबली तर मधल्या काळात मालक कुऱ्हाड चालवून मोकळा होईल. १९५५ च्या दुरुस्तीने आणखी एक पळवाट बंद केली : नोटीस बजावल्यानंतर जंगल दुसऱ्यास विकले तरी ती नोटीस नव्या मालकावरही बंधनकारक राहील.

ही घाई समजून घेण्यासाठी त्या वर्षांतील जमीन कायद्यांकडे पाहावे. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १९५१ चा साष्टी इस्टेटींसंबंधीचा कायदा हे एकापाठोपाठ एक आले. यांपैकी शेवटच्या कायद्याने कौलदारांची सारामाफी रद्द केलीच, शिवाय कौलाखालील जी पडीक जमीन १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात किंवा लागवडीस आणली गेली नव्हती ती शासनाची ठरविली. आपली जमीन उद्या आपली राहील की नाही याची शाश्वती नसलेला मालक झाडाचा विचार वीस वर्षांच्या हिशेबाने करीत नाही. तो आज उभे असलेले लाकूड आजच विकतो. जमीन सुधारणेचा कायदा आणि वनरक्षणाचा कायदा अशा रीतीने एकमेकांच्या पायात पाय घालीत होते. सुधारणेने तोडीस उत्तेजन दिले आणि नियमनाने ती थोपवावी अशी अपेक्षा होती.

विक्रोळीची नोटीस

विक्रोळीची जमीन ३० जुलै १९४८ च्या खरेदीखताने गोदरेज अँड बॉईस कंपनीकडे आली. त्यातील १३३ एकर ३८ गुंठे क्षेत्रासंबंधी कलम ३५ (३) खालील नोटीस ६ सप्टेंबर १९५६ च्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आणि १९५७ च्या फेब्रुवारीत मुलुंड-दहिसरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे विक्रोळी शहराच्या हद्दीत आल्यानंतर सहा वर्षांनी तेथील जमिनीवर वन म्हणून नोटीस निघाली. यात स्वतःहून काही विसंगती नाही. शहराच्या हद्दीत डोंगर असू शकतो, डोंगरावर झाडी असू शकते, आणि शहर जवळ आले म्हणूनच झाडीला धोका अधिक.

विसंगती आहे ती अन्यत्र. याच सुमारास शासन आणि कंपनी यांच्यात १९५१ च्या कायद्याखाली मालकीचा दावा चालू होता. १९५३ मध्ये दाखल झालेल्या या दाव्याचा निकाल ८ जानेवारी १९६२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात संमतीने झाला. एका सर्व्हे क्रमांकाचा अपवाद वगळता विक्रोळीतील जमीन ऑगस्ट १९५१ पूर्वीच वापरात वा लागवडीस आणलेली असून कंपनीच्या मालकीची आहे, हे शासनाने मान्य केले. शासनाच्या एका हाताने १९५६ मध्ये जी जमीन वन मानून नोटीस काढली, तीच जमीन दुसऱ्या हाताने १९६२ मध्ये पडीक नव्हे असे कबूल केले. दोन्ही हातांची गाठ पडल्याचे दिसत नाही. नोटिशीवर सुनावणी होऊन अधिसूचना निघाली असती तर ही विसंगती त्याच वेळी पुढे आली असती. ते झाले नाही. अधिसूचना निघाली नाही, नोटीस मागेही घेतली गेली नाही.

अन्य नोटिशींचीही वाट थोड्याफार फरकाने हीच झाली, असे पुढील न्यायालयीन प्रकरणांवरून दिसते. आणि ज्या अर्थी अधिसूचना नाही त्या अर्थी तोडीचा आराखडा नाही. कलम ३६ खालील व्यवस्थापन नाही. फांद्या किती घ्याव्यात, कोणते झाड उभे ठेवावे याचा एकही नियम नाही. कारण दाखवा म्हणून विचारले आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबले नाही, असा हा प्रकार होता.

याची तुलना त्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाशी करावी. डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूस मालकी जंगलांचे कूप ठेकेदारांकडून तोडले जात. तेथे १९४५ मध्ये गवतकापणीच्या आणि नंतर झाडतोडीच्या मजुरीवरून वारल्यांनी लढा दिला. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. तेथील व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नाही. परंतु तोडीत कोणाकोणाचे हितसंबंध गुंतले आहेत हे तेथे उघड होते, त्यामुळे तोडीचा दर, जागा आणि हंगाम यांवर भांडण होऊ शकले. साष्टीत जंगलाची किंमत लाकडात न राहता जमिनीत गेली, आणि मग तोडीवर भांडणारे कोणी उरले नाही. डोंगरउतारावरून मोळी आणणाऱ्या वारली-कोळी स्त्रियांचे नाव या सबंध प्रकरणाच्या कोणत्याही कागदात नाही. नोटीस केवळ मालकाला असते.

१९७५

१९६४ मध्ये वृक्षतोडीच्या विनियमनाचा स्वतंत्र राज्य कायदा झाला आणि ठरावीक जातींच्या झाडांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. १९७५ मध्ये दोन कायदे एकाच वर्षी आले. एक नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा. त्याने महापालिकांत वृक्ष प्राधिकरणे आणली आणि झाडाचा विचार एकेका बुंध्याप्रमाणे सुरू केला. दुसरा खाजगी वने संपादनाचा. साष्टीची जमीन या दोन्ही कायद्यांच्या मधोमध सापडली. एकाच्या लेखी ती शहर होती, दुसऱ्याच्या लेखी रान.

संपादन कायद्याच्या उद्देशिकेत खाजगी वने अतिवापराने खालावली आहेत, ती मालकांच्या हातून वाचवून त्यांचे शास्त्रीय व्यवस्थापन करावयाचे आहे आणि ग्रामीण जनतेची स्थिती सुधारावयाची आहे, असा आशय आहे. म्हणजे हेतू पुन्हा व्यवस्थापनाचाच. पण साधन बदलले. कलम २ मधील खाजगी वनाच्या व्याख्येत, ज्या जमिनीबाबत वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) खाली नोटीस काढण्यात आली आहे ती जमीन, असा एक उपखंड घालण्यात आला आणि कलम ३ ने अशा साऱ्या जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित केल्या. ‘वन’ याची व्याख्या इतकी रुंद करण्यात आली की तीत उभी झाडे, तोडलेली झाडे, लावलेली झाडे, झुडपे आणि उरलेले बुंधेसुद्धा आले. बुंधे घालण्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. मालकाने कायद्याच्या चाहुलीने तोड केली असेल तर त्या तोडीचा लाभ त्याला मिळू नये. कायदा ज्यांनी लिहिला त्यांना मालकांची रीत चांगली परिचित होती.

तरीही एक मूलभूत गोष्ट या उपखंडात निसटली. अठरा-वीस वर्षांपूर्वी विचारलेला, उत्तर न मिळालेला प्रश्न आता उत्तर म्हणून वापरला गेला. पूर्वीच्या रचनेतील मधल्या पायऱ्या, म्हणजे सुनावणी, अधिसूचना, नफा मालकास देऊन केलेले व्यवस्थापन, वगळून पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी घेण्यात आली. लहान मालकांची अडचण लवकरच ध्यानात आली असावी, कारण १९७८ मध्ये कलम २२-अ घालून ज्यांची एकूण जमीन बारा हेक्टरांहून कमी भरते त्यांना त्या मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची सोय करण्यात आली.

कायद्याने जे घेतले ते प्रत्यक्षात मात्र घेतले गेले नाही. विक्रोळीसारख्या ठिकाणी ताबा बदलला नाही, अभिलेखात नोंद झाली नाही. उलट १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली सूट, विकास आराखड्यानुसार बांधकामांना मंजुरी, हे सारे शासनाच्या व महापालिकेच्याच यंत्रणांनी मालकांना मालक मानून दिले. इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी कर्जे काढून घरे घेतली.

दरम्यान वनांच्या बाबतीत देशभर मोठा बदल झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द मालकी कोणाचीही असो, कोशातील अर्थाने घ्यावा असे सांगितले आणि वनांतील तोड मान्य कार्य आयोजनेनुसारच व्हावी असा दंडक घातला. मालकी जंगलात आराखड्याविना तोड नको, हे १९४८ च्या मुंबई दुरुस्तीत बीजरूपाने असलेले तत्त्व अर्धशतकानंतर दिल्लीहून आले. साष्टीत तोवर आराखडा करण्याजोगे मालकी जंगल फारसे शिल्लक नव्हते.

न्यायालयात नोटिशीची छाननी

२००० मध्ये चिंतामणी वेलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोटीस नुसती काढलेली असणे पुरेसे आहे, असे धरले होते. पुढे बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने २००५ मध्ये संपादित खाजगी वनांच्या नोंदी अद्ययावत करण्याचा आदेश दिला आणि तीस वर्षे न झालेले काम काही महिन्यांत सुरू झाले. फेरफार झाले, शेरे पडले. २४ मार्च २००८ रोजी उच्च न्यायालयाने शासनाची बाजू उचलून धरली. रहिवाशांच्या डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार आली.

३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरविला आणि वेलकर प्रकरणातील मतही चुकीचे ठरविले. न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा असा : संपादन कायद्यातील ‘नोटीस काढलेली’ हे शब्द कलम ३५ च्या संदर्भातच वाचले पाहिजेत; त्या कलमात नोटीस ही बजावण्यासाठी आणि तिच्यावर ऐकून घेण्यासाठी असते; म्हणून १९७५ मध्ये जिवंत, कार्यवाहीच्या वाटेवर असलेली नोटीसच व्याख्येत बसेल, कित्येक वर्षे निपचित पडलेली नव्हे. सर्व परवानग्या पाहून घर घेणाऱ्या सामान्य माणसाला दोष देता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यातील तशाच इतर अनेक जमिनींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ चाच निर्णय प्रमाण मानला.

कायद्याच्या अंगाने हा निर्णय योग्यच वाटतो. परंतु त्याच्या स्वागतात एक सूर असा उमटला की जणू काही १९५६ ची नोटीस ही कारकुनी चूक होती आणि ती दुरुस्त झाली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मान्य करता येणार नाही. नोटीस काढणाऱ्याला त्या डोंगरावर काहीतरी राखण्याजोगे दिसले होते. ते ऐन-किंजळाचे रान होते, की आंब्यांची जुनी लागवड, की नुसते गवत आणि करवंदीच्या जाळ्या, हे सुनावणी झाली असती तर नोंदले गेले असते. सुनावणी न झाल्याने मालकाचा हक्क तर अधांतरी राहिलाच, पण त्या डोंगराचे वर्णनही कायमचे हरवले. मालकालाही यातून पूर्णपणे मोकळे करता येत नाही. कलम ३८ ची वाट त्याच्यासाठी खुली होती. आपले जंगल शास्त्रीय रीतीने सांभाळावे आणि तोडीचे उत्पन्नही मिळावे, असे वाटणाऱ्या साष्टीतील मालकाने ती वापरल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. शासनाने अर्धी पायरी चढली, मालकाने एकही नाही.

आता जे निकाल यायचे ते नोटीस बजावली गेली की नाही, या पुराव्यावर अवलंबून राहतील. त्यासाठी जावक नोंदवह्या, पोचपावत्या आणि राजपत्राचे जुने अंक तपासले जातील. वकील त्यांत तारखा आणि सह्या शोधतील. त्याच कागदांत सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्र असते, आणि जमिनीचा जुना आकारही शोधता येतो. पिकाखालील, गवताची आणि डोंगरपड अशी वर्गवारी गावागावांच्या जुन्या आकारबंदांशी लावून पाहिली, तर १९५० च्या दशकात मुलुंड ते विक्रोळी या पट्ट्यात कोणत्या उतारावर किती झाडी असावी याचा अंदाज आजही बांधता येईल. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून करावे असे हे काम आहे, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य आपल्याच जिल्ह्यात किंवा शेजारच्या ठाण्यात आहे.